पशुरोगांच्या साथी व वऱ्हाडातील लहान पशुपालक

एखाद्या सांसर्गिक रोगाचा एका प्रदेशातील जनावरांत अल्पावधीत मोठा फैलाव झाला, म्हणजे पशुरोगाची साथ आली असे म्हणतात. अशा साथींची नोंद सरकारी दप्तरांत बाधित व मृत जनावरांच्या संख्येने होते. दोन-चार जनावरांवर ज्याचा संसार उभा आहे, अशा कुटुंबाची हानी मात्र या संख्येत पुरतेपणी उतरत नाही. जनावर मेल्याने नुकसान होतेच; पण ते ऐन कामाच्या दिवसांत आजारी पडल्याने, त्याचा बाजार बंद झाल्याने किंवा भीतीपोटी ते मातीमोलाने विकावे लागल्यानेही तितकेच नुकसान होऊ शकते. एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यास सीमांत व एक ते दोन हेक्टर जमीन असणाऱ्यास अल्पभूधारक शेतकरी म्हणतात. प्रस्तुत नोंदीत या दोहोंबरोबरच शेळ्या, कोंबड्या व डुकरे पाळणाऱ्या भूमिहीन कुटुंबांचाही लहान पशुपालकांत समावेश केला आहे. विवेचन मुख्यतः वऱ्हाडाविषयी, त्यातही यवतमाळ जिल्ह्यातील कळंब परिसरासारख्या कोरडवाहू कापूस-पट्ट्याविषयी आहे.

कळंब हे तालुक्याचे ठिकाण यवतमाळहून वर्धा-नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर असून तेथील चिंतामणी गणेशाचे मंदिर प्रसिद्ध आहे. आइन-इ-अकबरीमध्ये वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार (महसुली विभाग) म्हणून कळंबचा उल्लेख येतो. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार ब्रिटिशांकडे आला. पुढे हा भाग वणी जिल्ह्यात मोडू लागला व १९०५ मध्ये त्या जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले. काळी कसदार जमीन, तिच्या कडेने मुरमाड बरड आणि सागवानी जंगलाच्या टेकड्या असे या भागाचे स्वरूप आहे. कापूस, ज्वारी व तूर ही जुनी पिके; सोयाबीन अलीकडचे. टेकड्यांच्या आश्रयाने गोंडांची गावे व कोलामांचे पोड वसलेले आहेत. शेती जवळजवळ सर्वस्वी पावसावर अवलंबून असल्याने जनावर हेच येथील लहान शेतकऱ्याचे सर्वांत मोलाचे भांडवल राहिले.

साथ पसरण्याच्या दृष्टीने या भागातील गुरे चारण्याची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. सकाळी गावातील गुरे आखरावर जमतात व गायकी त्यांचा एकच कळप करून रानात नेतो. सर्व घरांची जनावरे एकाच नाल्यावर पाणी पितात, एकाच झाडाखाली रवंथ करतात आणि संध्याकाळी घरोघर परततात. गरीब शेतकऱ्याच्या दृष्टीने ही व्यवस्था फार सोयीची. स्वतंत्र चराऊ जमीन वा राखणदार न ठेवता वर्षाच्या ठरावीक मोबदल्यात त्याच्या जनावरांना चारा मिळतो. परंतु सांसर्गिक रोगाला याहून सोपी वाट नाही. आजारी जनावर वेगळे बांधावे, हा पशुवैद्यकाचा पहिला सल्ला असतो. ज्याचा गोठा म्हणजे घराच्या भिंतीला टेकवलेले एक छप्पर आहे आणि ज्याच्याकडे दावणीला घालण्यापुरती वैरण नाही, त्याला तो पाळता येत नाही.

बुळकांडी : वऱ्हाडातील जुन्या पिढ्यांना साथ म्हणजे बुळकांडी हाच अर्थ माहीत होता. ताप, नाकाडोळ्यांतून स्राव, तोंडात व्रण आणि मग अनावर दुर्गंधीयुक्त हगवण, असा या विषाणुजन्य रोगाचा क्रम असे. आठ-दहा दिवसांत जनावर अस्थिपंजर होऊन मरे. भारतातील मैदानी देशी गुरांत शतकानुशतकांच्या संपर्कामुळे काहीशी प्रतिकारक्षमता आलेली असल्याने मृत्यूचे प्रमाण यूरोपीय वा डोंगराळ भागातील गुरांपेक्षा कमी असे; तरीही गावातील निम्मी गुरे एका फेरीत जाणे अशक्य नव्हते. आफ्रिकेत १८८७ च्या सुमारास इरिट्रियात शिरलेल्या बुळकांडीने दहा वर्षांत दक्षिण टोकापर्यंतची बहुसंख्य गुरे नष्ट केली. तो रोग भारतातून नेलेल्या गुरांबरोबर गेला असावा, असे मानले जाते.

रोगाला देवीचा कोप मानून गावाच्या शिवेवर पूजा करणे, बाहेरची गुरे शिवेत येऊ न देणे व आपली बाहेर न पाठविणे, हे उपाय गावे आपणहून करीत. त्यांतील शिवबंदीचा भाग आजच्या विलगीकरणाच्या तत्त्वापासून फार दूर नव्हता. निव्वळ अंधश्रद्धा म्हणून त्याची बोळवण करणे योग्य ठरणार नाही.

ब्रिटनमध्ये १८६५ च्या साथीनंतर बाधित कळप मारून टाकण्याचे धोरण स्वीकारण्यात आले व त्याने तो देश रोगमुक्त झाला. भारतात ते शक्य नव्हते. गोवंशाविषयीची धार्मिक भावना हे एक कारण. पण मारलेल्या जनावराची भरपाई कोट्यवधी लहान मालकांना द्यायची कोठून, हा प्रश्नही तितकाच बिकट होता. हॅलन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८७१ मध्ये भारतातील गुरांच्या साथींविषयी विस्तृत अहवाल दिला. संशोधनासाठी ९ डिसेंबर १८८९ रोजी पुणे येथे शाही सूक्ष्मजंतुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली व आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख झाले. संसर्गाच्या भीतीने ती १८९३ मध्ये कुमाऊँ टेकड्यांतील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच. रॉबर्ट कॉख यांनी १८९७ मध्ये या प्रयोगशाळेस भेट दिली होती. याच संस्थेत विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जे. टी. एडवर्ड्‌स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांमधून पुनःपुन्हा संक्रमित करून सौम्य केला व त्यापासून स्वस्त लस तयार होऊ शकली. या लशीचा मैदानी गुरांवर प्रत्यक्ष गावपातळीवर वापर करण्याचे आरंभीचे प्रयोग मध्य प्रांत व वऱ्हाडातच झाले. तेथील पशुवैद्यक अधिकारी स्टर्लिंग यांनी १९३२ च्या सुमारास त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वऱ्हाडच्या गुरांचे हे ऋण बुळकांडीच्या इतिहासात क्वचितच सांगितले जाते.

दुष्काळ व साथ यांचा संयोग सर्वांत घातक ठरे. १८९६–९७ व १८९९–१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाड पोळून निघाला. चाऱ्याअभावी खंगलेली गुरे पाण्याच्या उरल्यासुरल्या ठिकाणी एकत्र येत आणि रोगाचा फैलाव वाढे. पुढच्या वर्षी पाऊस पडला, तरी नांगराला बैल नसत. धान्याचा दुष्काळ एका हंगामात संपतो. बैलांचा दुष्काळ, कालवड गाय होऊन तिचा गोऱ्हा जुवाला येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षे टिकतो. या अवधीत ज्यांच्याकडे बैल विकत घेण्याची ऐपत होती, त्यांच्याकडे जमीन गहाण पडत गेली. सावकारीच्या इतिहासाचे हे अंग पिकांच्या भावाइतके चर्चिले गेलेले नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. गावोगाव लस टोचणारी पथके फिरली. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९५८ मध्ये नागपूर येथे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाल्याने या भागास प्रशिक्षित मनुष्यबळ मिळू लागले. देशातील अखेरचा उद्रेक १९९५ मध्ये तमिळनाडूत नोंदला गेला, २००६ मध्ये भारत रोगमुक्त ठरला व २०११ मध्ये बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे घोषित करण्यात आले. मानवाच्या देवीनंतर समूळ नष्ट झालेला हा दुसराच रोग होय [→ बुळकांडी]. जनावर मारण्याऐवजी ते वाचविण्याचा मार्ग भारताने नाइलाजाने स्वीकारला होता. लहान मालकाच्या दृष्टीने तोच मार्ग हिताचा ठरला.

जोडीचे अर्थशास्त्र : बुळकांडी गेल्यानंतर उरलेल्या रोगांत मृत्यूचे प्रमाण कमी, पण कामाचा नाश मोठा असे रोग पुढे आले. त्यांचा परिणाम समजण्यासाठी बैलजोडीचे स्थान पाहणे आवश्यक आहे. शेतकऱ्याच्या हिशेबात एकक बैल हे नसून जोडी हे आहे. उंची, चाल व ताकद जुळलेले दोन बैल एकत्र राबून तयार होतात. एक डाव्या बाजूला चालण्यास सरावतो, दुसरा उजव्या. त्यांतील एक मेला, तर मालकाचे नुकसान निम्मे होत नाही. जवळजवळ सगळेच होते. उरलेल्या बैलाला जोड मिळेपर्यंत तो दावणीला बसून वैरण खातो. बाजारात जोड शोधणारा आला, की विकणाऱ्यालाही त्याची गरज कळते व भाव चढतो. उलट उरलेला बैल विकायला काढला, तर एकट्या बैलाला गिऱ्हाईक कमी. १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण अधिनियमात २०१५ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी आली. त्यामुळे साथीतून वाचलेला पण कामातून गेलेला बैल विकून थोडीफार रक्कम उभी करण्याची जुनी वाट कायद्याने बंद झाली. या दुरुस्तीच्या इष्टानिष्टतेविषयी मतभेद आहेत. लहान शेतकऱ्याच्या जमाखर्चात तिने एक रकाना कमी केला, एवढे मात्र खरे.

दुसरी बाब काळाची. काळ्या जमिनीत मृगाचा पाऊस पडून गेल्यावर वाफसा येतो, तो काही दिवसच टिकतो. त्या आधी जमीन चिखल असते, त्यानंतर कडक होते. पेरणी या दिवसांत साधली, तर पीक. चुकली, तर दुबार खर्च किंवा उशिराची पेरणी आणि घटलेला उतारा. पुढे निंदणी व डवरणीचे दिवसही असेच मोजके असतात. नांगरटीला व पेरणीला आता भाड्याचा ट्रॅक्टर पुष्कळ ठिकाणी मिळतो. तथापि कपाशीच्या तासांतून डवरा चालविण्यासाठी लहान शेतकरी अद्यापि बैलांवरच अवलंबून आहे. नेमके याच सुमारास, पहिल्या पावसाबरोबर, घटसर्प येतो. जमिनीतील जंतू वर आल्याने उद्भवणारा फऱ्या हा रोगही पावसाळ्यातच आणि तोही धष्टपुष्ट तरुण जनावरांना गाठतो. त्यामुळे लशी पावसाळ्यापूर्वी टोचून घ्याव्या लागतात. मे महिन्यात चारा-पाण्यासाठी दूर गेलेली गुरे लसीकरणाच्या दिवशी गावात नसली, तर तेवढ्याने वर्षाचे वेळापत्रक चुकते.

लाळ-खुरकुताचे उदाहरण याहून बोलके आहे. या रोगात प्रौढ जनावर सहसा मरत नाही. तोंडात व खुरांच्या बेचक्यात फोड येतात, जनावर लाळ गाळते, लंगडते व खाणे टाकते. दोन ते चार आठवड्यांत ते बरे होते. सरकारी नोंदीत अशी साथ किरकोळ वाटते. पण ती जूनमध्ये आली, तर ते दोन-चार आठवडे म्हणजे पेरणीचा सबंध हंगाम होय. बरा झालेला बैलही काही वेळा पूर्वीसारखा राहत नाही. त्याच्या अंगावरचे केस वाढतात, ऊन सोसत नाही व थोड्या कामाने तो धापा टाकू लागतो. गाय आटते ती त्या वेतापुरती आटतेच. या सर्व नुकसानीला मृत्यूचा दाखला नसल्याने कोणतीही भरपाई लागू होत नाही. मोठ्या शेतकऱ्याकडे दोन-तीन जोड्या वा स्वतःचा ट्रॅक्टर असतो, म्हणून तोच रोग त्याला अडचण वाटतो. एका जोडीवाल्याला तो वर्षभराचे कर्ज देऊन जातो.

अशा वेळी गावातील जुने आधार उपयोगी पडत. सावड, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने बैल व माणसे यांनी राबणे, ही त्यांतील मुख्य रीत. एकेक बैल असलेले दोन शेतकरी मिळून जोडी करीत. इर्जिकीत संकटात सापडलेल्याचे शेत सारा गाव एका दिवसात नांगरून देई. परंतु साथ आली की हे आधारही लंगडे पडत. ज्याच्याशी सावड करायची, त्याचाही बैल आजारी असे. शिवाय निरोगी बैल बाधित शेतात पाठविण्यास कोणी धजावत नसे, आणि ते योग्यच होते. मग भाड्याने जोडी आणणे व त्याच्या बदल्यात स्वतःचे श्रम देणे एवढेच उरे. ज्या दिवसांत स्वतःच्या शेतात काम हवे, त्याच दिवसांत दुसऱ्याच्या शेतात राबावे लागे.

लंपी चर्मरोगाच्या साथीने हे सारे प्रश्न पुन्हा एकदा समोर आणले. १९२९ मध्ये झांबियात प्रथम आढळलेला हा विषाणुजन्य रोग भारतात २०१९ मध्ये ओडिशात नोंदला गेला. २०२० मध्ये तो गडचिरोली जिल्ह्यातून विदर्भात शिरला आणि २०२२ मध्ये यवतमाळसह राज्याच्या बहुतेक भागांत पसरला. डास, चावऱ्या माश्या व गोचीड यांच्यामार्फत तो फैलावतो. म्हणजे कळप वेगळा केला, तरी गोठ्यातील शेणामुताचा निचरा न झाल्यास उपाय अपुरा पडतो. अंगभर गाठी, ताप व पायांना सूज ही त्याची लक्षणे. बैलाच्या मानेवर गाठी फुटल्या, की त्यावर जू ठेवता येत नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य शासनाने, २००९ च्या प्राण्यांतील सांसर्गिक रोगप्रतिबंधक केंद्रीय अधिनियमानुसार, संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित केले. गुरांचे बाजार, वाहतूक व प्रदर्शने बंद झाली. शेळ्यांच्या देवीवरील लस गुरांना मोफत टोचण्यात आली. मृत गाईस ३०,००० रु., बैलास २५,००० रु. व वासरास १६,००० रु. असे साहाय्य ठरले. मागील साथींच्या मानाने ही तरतूद निश्चितच उदार होती. तीत बैलाचे मोल गाईपेक्षा कमी धरलेले दिसते. एका जोडीच्या शेतकऱ्याचा हिशेब बरोबर उलटा आहे. शिवाय साहाय्य मृत्यूवर होते आणि या रोगातही बाधित जनावरांच्या मानाने मृतांचे प्रमाण कमी असते. बरा होऊनही हंगामभर उभा राहिलेला बैल पंचनाम्यात बसत नव्हता.

बाजारबंदी रोग रोखण्यास आवश्यक असते, याविषयी पशुवैद्यकांत दुमत नाही. परंतु आठवड्याचा गुरांचा बाजार हा लहान पशुपालकाचा जणू पैसे काढण्याचा खिडकीघर आहे. बियाणे, लग्न, दवाखाना किंवा मुलांची फी यांसाठी तो ऐन वेळी एखादे जनावर तेथे नेतो. बाजार बंद झाला, तरी गरज थांबत नाही. मग व्यवहार गोठ्यातच, दलालाच्या भावाने, रात्री होतो आणि ज्या हालचालीला आळा घालायचा तीच आडवाटेने चालू राहते. त्या वर्षी दूध प्यावे की नाही, अशी शंका ग्राहकांत पसरली. वास्तविक हा रोग माणसाला होत नाही. काही जिल्ह्यांत पोळा घरच्या घरी साजरा करण्याचे आदेश निघाले. वऱ्हाडात पोळ्याला तोरणाखाली जोडी उभी करणे ही शेतकऱ्याच्या प्रतिष्ठेची गोष्ट असते, हे लक्षात घेता त्या आदेशाचे सामान्यतः झालेले पालन उल्लेखनीय म्हणावे लागेल.

डुकरे पाळणारी कुटुंबे : गुरांच्या साथींविषयी निदान दप्तरे आहेत. डुकरांच्या साथींविषयी वऱ्हाडात तेवढेही लिहिले गेलेले नाही. विदर्भातील तालुक्याच्या व बाजाराच्या गावांतून वडार, कैकाडी व इतर काही भूमिहीन समाजांतील कुटुंबे गावाच्या कडेला डुकरे पाळीत आली आहेत. (कैकाडी समाज विदर्भातील जुन्या जिल्ह्यांत अनुसूचित जातींत व उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातींत गणला जातो, प्रांतरचनेच्या इतिहासाचा हा एक अवशेष होय.) दगडफोड, टोपल्या विणणे, मजुरी यांसारख्या अनिश्चित कामांना जोड म्हणून हा व्यवसाय केला जातो. त्याला जमीन लागत नाही. खानावळीतील उष्टे, भाजीबाजारातील टाकाऊ माल, गिरणीतील कोंडा यांवर डुकरे वाढतात. मादीचा गर्भकाळ सु. ११४ दिवसांचा असल्याने वर्षात दोन वेते होऊ शकतात आणि एका वेतात अनेक पिले होतात. दीड-दोन महिन्यांची पिले विकून रोजचा खर्च भागतो. मोठी मादी सहसा विकली जात नाही. ती या घरांची ठेव असते, आणि पिले हे त्या ठेवीचे व्याज.

ही ठेव बुडविणारा जुना रोग म्हणजे वराहज्वर. तीव्र ताप, कान व पोट यांवर जांभळे-तांबडे चट्टे, मागच्या पायांतील दुर्बलता ही त्याची लक्षणे असून पिले मोठ्या संख्येने मरतात. त्यावर लस आहे. सशांमधून संक्रमित करून सौम्य केलेल्या विषाणूची ही लस भारतात अनेक दशके वापरात आहे. ती तयार करण्यासाठी ससे मारावे लागत व एका सशापासून थोड्याच मात्रा मिळत. देशाची वार्षिक गरज सु. २ कोटी २० लाख मात्रांची असताना उत्पादन सु. १२ लाख मात्रांचेच होते. पेशीसंवर्धनाने लस तयार करण्याचे तंत्र भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने विकसित केल्यावर २०२० पासून ही कोंडी फुटण्याचा मार्ग मोकळा झाला. बुळकांडीच्या शेळी-लशीशी तुलना केली, तर फरक ध्यानात येतो. तेथेही प्राण्यातूनच लस काढली जात होती. परंतु बैलामागे शेतसारा, कापूस व राज्याचे उत्पन्न होते, म्हणून लस गावोगाव पोचली. डुकरामागे यांपैकी काहीच नव्हते.

आफ्रिकी वराहज्वर हा नावाने व लक्षणांनी सारखा दिसणारा, पण वेगळ्याच विषाणूमुळे होणारा रोग. केन्यातील त्याचे वर्णन माँटगोमेरी यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केले. १९५७ मध्ये तो पोर्तुगालमध्ये, २००७ मध्ये जॉर्जियात व २०१८ मध्ये चीनमध्ये पोचला. भारतात २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात त्याचा उद्रेक झाला आणि २०२२ मध्ये विदर्भाला लागून असलेल्या मध्य प्रदेशात, रीवा येथे, तो आढळला. बाधित डुकरांपैकी बहुतेक सर्व मरतात. माणसाला मात्र त्यापासून काहीही धोका नाही. विषाणू मांसात दीर्घकाळ टिकतो; म्हणून खानावळीचे न उकळलेले उष्टे हा फैलावाचा एक प्रमुख मार्ग आहे, आणि तेच गरीब पालकाचे फुकटचे खाद्य आहे. उष्टे उकळून घालावे, हा सल्ला शास्त्रशुद्ध असला, तरी जळणाचा खर्च धरला म्हणजे खाद्य फुकटचे राहत नाही.

या रोगाचे वराहज्वरापासून निदान केवळ प्रयोगशाळेतच होते. नमुने भोपाळ येथील राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे पाठविले जातात. निदान झाल्यावर उद्रेकस्थानापासून एक किमी. परिसरातील सर्व डुकरे मारली जातात व दहा किमी.पर्यंत देखरेख ठेवली जाते. मारलेल्या डुकरांची भरपाई वजनावर ठरते. २०२० मध्ये ठरलेले दर १५ किग्रॅ.पर्यंतच्या पिलास २,२०० रु. पासून ७० ते १०० किग्रॅ. वजनाच्या डुकरास १२,००० रु. पर्यंत होते. भरपाई मारलेल्या डुकराला मिळते, रोगाने आधीच मेलेल्या डुकराला नाही. हा नियम प्रशासकीय दृष्ट्या समजण्यासारखा आहे, कारण मृत्यूचे कारण मागाहून ठरविणे अवघड असते. पण पालकापुढे तो विचित्र पेच उभा करतो. पहिली दोन डुकरे मेल्यावर कळवावे, तर ती दोन गेलीच, निदानाला काही दिवस लागणार आणि तोपर्यंत आणखी मरणार. शिवाय शेजाऱ्यांची निरोगी डुकरेही आपल्यामुळे मारली जाणार. न कळवता रातोरात उरलेली विकून टाकावीत, तर निदान थोडे पैसे हाती येतात. रोग एका गावातून दुसऱ्या गावात जातो तो पुष्कळदा या हिशेबाच्या पाठीवर बसून. २००९ च्या अधिनियमाने रोग कळविण्याचे कर्तव्य मालकावर टाकले आहे. ते पार पाडणाऱ्याला तोटा न होण्याची हमी मात्र त्याच्या जोडीला अपुरी आहे. वजनाच्या दरात आणखी एक उणीव राहते. गाभण मादी तिच्या मांसाच्या वजनाने मोजली जाते, पोटातील पिले व पुढची वेते हिशेबात येत नाहीत. आणि घरातील ठेव नेमकी तीच असते.

रोगाशी संबंध नसतानाही डुकरे पाळणाऱ्यांवर बालंट येते. २००९ मध्ये इन्फ्ल्यूएंझाची जागतिक साथ 'स्वाइन फ्लू' या नावाने पसरली व भारतातील पहिला मृत्यू ऑगस्टमध्ये पुण्यात झाला. रोग माणसाकडून माणसाला होत होता आणि शिजवलेल्या मांसातून पसरत नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिलच्या अखेरीसच ते नाव वापरणे थांबविले, तरी बोलीभाषेत ते कायम राहिले. एरवी मोकाट डुकरांविषयी असणारी नागरी तक्रार अशा वेळी भीतीचे रूप घेते. या तक्रारीत तथ्य नाही असे नाही. पण बंदिस्त पालनासाठी जागा लागते, आणि जागा नाही म्हणूनच ही कुटुंबे या व्यवसायात आहेत.

देशातील डुकरांची संख्या २०१२ च्या पशुगणनेत १ कोटी ३ लाख होती, ती २०१९ च्या गणनेत सु. ९१ लाखांवर आली. ही घट आफ्रिकी वराहज्वर येण्यापूर्वीची आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ-खुरकुताच्या लसीकरणासाठी गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या यांबरोबर डुकरांचाही समावेश करण्यात आला आणि पुढे वराहज्वराच्या नियंत्रणालाही केंद्रीय योजनेत स्थान मिळाले. कागदावर डुक्कर प्रथमच बैलाच्या पंक्तीला बसले. प्रत्यक्षात गोठवून सुकविलेल्या लशीची कुपी अनेक मात्रांची असते व द्रावण केल्यावर ती थोड्याच तासांत वापरावी लागते. दावणीला बांधलेले बैल टोचणाऱ्याची वाट पाहत उभे असतात. गावभर चरणारी डुकरे ऐन दुपारी पकडून एका ठिकाणी आणायची तर त्या दिवसाची मजुरी सोडावी लागते, आणि तीन-चार डुकरांसाठी कुपी फोडली तर उरलेल्या मात्रा ओतून द्याव्या लागतात. म्हणून अशा वस्त्यांत लसीकरणाचा दिवस पुरेशी डुकरे जमेपर्यंत पुढे ढकलला जातो.